नामानाच्या सात बुड्या आणि कपाटातलं पाचवं पाकीट

पत्र: माझे यजमान टेम्पो चालवतात. पाठीवर आणि उजव्या कोपराखाली बधिर चट्टे होते. प्राथमिक आरोग्य केंद्रात कुष्ठरोग सांगितला आणि बारा पाकिटांचा कोर्स दिला. चार पाकिटं संपली. चेहरा काळवंडला, लोक विचारू लागले. तेव्हापासून ते एका प्रार्थना सभेला जाऊ लागले. तिथले बंधू म्हणतात, बायबलमधल्या नामानाने गोळी घेतली नव्हती, यार्देन नदीत सात बुड्या मारल्या आणि शुद्ध झाला. तुम्ही सात शुक्रवार उपास करा, गोळ्या बंद करा आणि अकरा हजारांचं विश्वासाचं अर्पण आणा. आज तीन आठवडे झाले, पाचवं पाकीट कपाटात पडून आहे. सासूबाईंनी त्यांचं ताट वेगळं काढलंय. माझा भाऊ म्हणतो, या रोगावर घटस्फोट मिळतो, तू घरी ये. मला घटस्फोट नकोय. मला एवढंच विचारायचंय की गोळी घ्या म्हणणं म्हणजे देवाची आज्ञा मोडायला लावणं होतं का? त्यांना न सांगता भाजीत मिसळून दिली तर चालेल का?
– एक भगिनी, अहिल्यानगर जिल्हा

प्रिय भगिनी, सलाम.

नाही, देवाची आज्ञा मोडली जात नाही. आणि भाजीत मिसळून अजिबात देऊ नका. त्यातल्या कॅप्सूल फोडून द्यायच्या नसतात. शिवाय भाजी लाल झाली की पकडल्या जाल, आणि त्यानंतर तुमच्या हातचं पाणीही ते संशयाने पितील.

आधी गोळ्यांचं, कारण त्याला थांबून चालणार नाही. तीन आठवड्यांच्या खंडाने कोर्स वाया गेलेला नाही. बारा पाकिटं अठरा महिन्यांच्या आत पूर्ण झाली की उपचार पूर्ण धरला जातो. म्हणजे पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही, पाचव्या पाकिटापासून पुढे जायचं. आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात खंड पडल्याचं खरं सांगा, ते रागावले तरी सांगा. एक पाकीट अठ्ठावीस दिवसांचं असतं. पहिल्या दिवसाची मोठी मात्रा (रिफाम्पिसिन ६०० मिलिग्रॅम, क्लोफाझिमिन ३०० आणि डॅप्सोन १००) आरोग्य कर्मचाऱ्यासमोर घ्यायची. बाकीचे सत्तावीस दिवस घरी रोज क्लोफाझिमिन ५० आणि डॅप्सोन १००. मोठ्या मात्रेनंतर लघवी लालसर होते, त्याला घाबरू नये.

चेहरा काळवंडतो तो क्लोफाझिमिनमुळे. हे औषध कातडीत साठतं. रोग वाढल्याची ती खूण नाही, आणि गोळ्या संपल्यावर काही महिन्यांत रंग हळूहळू परत येतो. हे कुणी पहिल्याच दिवशी नीट सांगितलं असतं तर निम्म्या माणसांनी कोर्स सोडला नसता. तुमच्या यजमानांना रोगाची भीती कमी आणि टेम्पो स्टँडवरच्या प्रश्नांची भीती जास्त वाटत असणार, असं पत्रावरून दिसतं. तेव्हा लोकांनी विचारलं तर काय सांगायचं, हे दोघांनी आधी ठरवून ठेवा. ‘एका औषधाने कातडी काळी पडलीय, कोर्स संपला की जाईल’ एवढं पुरे आणि ते खरंही आहे.

आता नामान. ही गोष्ट बायबलमधल्या ‘राजे’च्या दुसऱ्या पुस्तकात पाचव्या अध्यायात आहे. सगळी मिळून सत्तावीस वचनं. सभेत बहुधा चौदावंच वाचलं जातं, बुड्यांचं. तुम्ही दोघं एका संध्याकाळी बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा. मोठ्याने वाचायला पाच मिनिटांवर लागत नाहीत.

नामान अरामाच्या, म्हणजे सुरीयाच्या राजाचा सेनापती, पण कोडी. शास्त्रात कुष्ठरोग्याला हाच शब्द आहे. त्याला औषधाची वाट दाखवते कोण? लढाईत धरून आणलेली, त्याच्या बायकोकडे कामाला असलेली इस्राएलातली एक लहान मुलगी. नामान राजाचं पत्र घेऊन निघतो, बरोबर दहा किक्कार चांदी, सहा हजार शेकेल सोनं आणि दहा पोशाख. आजच्या मापात सुमारे ३४० किलो चांदी आणि ६८ किलो सोनं. इस्राएलाचा राजा पत्र वाचून अंगावरची वस्त्रं फाडतो, त्याला वाटतं हा भांडणाचा बहाणा आहे. दोन राजे, पत्रव्यवहार, खजिना, आणि यातल्या कशाचाही उपयोग होत नाही.

मग नामान रथ-घोड्यांसह अलीशा संदेष्ट्याच्या दारात येतो. अलीशा बाहेरसुद्धा येत नाही. निरोप पाठवतो की जा, यार्देनेत सात वेळा स्नान कर. नामान भडकतो. तो का भडकला ते अकराव्या वचनात त्याच्याच तोंडी आहे. त्याला वाटलं होतं, संदेष्टा बाहेर येईल, उभा राहील, देवाचं नाव घेऊन हाक मारील, रोगाच्या जागेवरून हात फिरवील. भगिनी, ही जागा दोनदा वाचा. व्यासपीठ, मोठ्या आवाजातली हाक, चट्ट्यावरून फिरणारा हात ही सगळी रोग्याच्या मनातली अपेक्षा आहे, संदेष्ट्याची पद्धत नव्हे. अलीशाने त्यातलं एकही केलं नाही. सभेत जे चालतं ते नामानाच्या कल्पनेबरहुकूम चालतं, अलीशाच्या नव्हे.

दुसरा राग नदीचा. दिमिष्काच्या अबाना आणि परपर या नद्या काय वाईट आहेत? अलीशाचं शहर शोमरोन डोंगरावर, यार्देन खाली खोल खोऱ्यात, समुद्रसपाटीच्याही खाली. म्हणजे संदेष्ट्याच्या दारातून परत फिरून, इतका उतार उतरून, परक्या देशातल्या गढूळ पाण्यात सगळ्या लष्करासमोर कपडे काढायचे. चट्टे दाखवायचे. एकदा नव्हे, सात वेळा पाण्यात जायचं आणि वर यायचं. तिसऱ्या-चौथ्या बुडीला अंगात काही फरक पडला, असं पवित्र शास्त्र म्हणत नाही. सातव्यानंतरचंच सांगतं. त्याचं आज्ञापालन दिसतं ते या मधल्या बुड्यांत. चमत्काराचं काहीही दिसत नसताना मोजून सांगितलेलं तेवढं पूर्ण करायचं, आणि तेही आपल्या तोऱ्याला न शोभणारं. बारा पाकिटांपैकी पाचवं घेणारा माणूस जिथे उभा असतो, ती जागा हीच.

पण इथे आम्हीही जपून बोलतो. ‘देवाने नामानाला नदी दिली, तुम्हाला गोळी दिली, एकच गोष्ट’ असं सोपं समीकरण आम्ही मांडणार नाही. सात बुड्यांची आज्ञा एका माणसाला, एकदा, संदेष्ट्यामार्फत झाली. ती रोगावरची सर्वसाधारण कृती नाही. याचा पुरावा त्याच पुस्तकात दोन अध्याय पुढे आहे. सातव्या अध्यायात शोमरोनाच्या वेशीबाहेर चार कोडी बसलेले आहेत. अलीशा त्याच शहरात आहे. ते शुद्ध झाल्याचं काही लिहिलेलं नाही, त्यांना यार्देनेला जा असं कुणी म्हणालेलंही नाही. तरी अरामी छावणी ओस पडल्याची बातमी उपाशी शहराला तेच आणून देतात. देवाने त्यांना नाकारलं, असा सूर त्या अध्यायात कुठेच नाही. आणि प्रभू येशूने नासरेथच्या सभास्थानात हेच बोट ठेवून सांगितलं, लूक ४:२७ : अलीशाच्या वेळी इस्राएलात पुष्कळ कोडी होते, शुद्ध झाला तो एकटा सुरीया देशचा नामान. पुष्कळांमधला एक. जो बंधू एकासाठीची आज्ञा उचलून सगळ्यांवर लावतो, त्याने अलीशासारखा त्या माणसासाठीचा निरोप आपल्याला मिळालाय हे आधी दाखवावं.

खुद्द अलीशाचं काय झालं? २ राजे १३:१४ पाहा. तो रोगाने आजारी पडला आणि त्याच आजारात मेला. त्याचा विश्वास कमी पडला, असं म्हणायची हिंमत कोण करील?

(नामानाचा रोग आजचाच कुष्ठरोग होता, हेही छातीठोकपणे सांगता येत नाही. बायबलच्या लेवीय पुस्तकात, अध्याय १३ आणि १४ मध्ये, त्याच नावाखाली कापडावरचे आणि घराच्या भिंतीवरचे डागही येतात. आजच्या कुष्ठरोगाचा जंतू हॅन्सेन यांनी १८७३ मध्ये शोधला आणि त्याला पुरून उरणारा बहुऔषधी उपचार १९८२ पासून आला.)

यजमानांशी वाद घालायला बसलात की तुमच्यासमोर एक वचन हमखास येईल. २ इतिहास १६:१२, आसा राजाचे पाय दुखावले तरी तो परमेश्वराला नव्हे तर वैद्यांना शरण गेला. हे वचन एकटं वाचू देऊ नका, अध्याय पहिल्या वचनापासून वाचायला लावा. आसाने मंदिरातलं सोनं-रुपं काढून अरामाचा राजा बेन-हदाद याला लाच दिली, चूक दाखवणाऱ्या हनानी संदेष्ट्याला तुरुंगात घातलं, लोकांना छळलं. त्याच्यावर ठपका आहे तो देवाकडे पाठ फिरवल्याचा. देवाला शरण जाऊन औषधही घेतलेला हिज्कीया राजा त्याच शास्त्रात आहे. २ राजे २० मध्ये देव त्याला बरं करण्याचं वचन देतो, पंधरा वर्षांचं आयुष्य वाढवून देतो, आणि लगेच सातव्या वचनात यशया संदेष्टा म्हणतो, अंजिरांची ढेप आणा. ती गळवावर बांधली आणि तो बरा झाला. लेप बांधल्याने वचनावरचा विश्वास उणा झाला नाही. प्रेषित पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, तो प्रार्थना सोडून दे म्हणत नाही. त्याच्याबरोबर फिरणारा लूक तर वैद्यच होता. आपल्याकडे मिरजेला मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय काढलं, अमरावती जिल्ह्यात कोठाऱ्याला कुष्ठरोग्यांसाठी मिशनचं रुग्णालय उभं राहिलं. तिथल्या लोकांनी सकाळी प्रार्थना केली आणि दिवसभर पट्ट्या बांधल्या. औषध म्हणजे अविश्वास असेल, तर या सगळ्यांना आपण काय म्हणायचं?

याकोब ५:१४ ते पुढे करतील तर आनंदाने मान्य करा. तिथे मंडळीच्या वडिलांना घरी बोलवायला सांगितलंय, तेल लावून प्रार्थना करायला सांगितलंय. तुमच्या चर्चच्या पाळकांना बोलवा, जमलं तर गोळ्यांचं पाकीट टेबलावर ठेवूनच प्रार्थना होऊ दे. उपासही करू द्या. शुक्रवारी दिवसभर उपास असेल तर गोळ्या संध्याकाळी जेवून घ्यायच्या, पोटात अन्न असलं की क्लोफाझिमिनचा त्रासही कमी होतो. फक्त महिन्याच्या मोठ्या मात्रेचा दिवस उपासाच्या दिवशी येऊ देऊ नका.

बोलायचं कसं, हे त्या गोष्टीतल्या नोकरांकडून घ्या. नामान रागाने निघाला तेव्हा त्याला कुणी पापी म्हटलं नाही, अविश्वासी म्हटलं नाही. जवळ गेले, ‘बापा’ म्हणून हाक मारली, आणि एकच प्रश्न विचारला: संदेष्ट्याने काही अवघड करायला सांगितलं असतं तर ते तुम्ही केलं नसतं का? मग ‘धू आणि शुद्ध हो’ एवढंच सांगितलंय, तर? या गोष्टीत शहाणपणाचं प्रत्येक वाक्य हाताखालच्या माणसाकडून येतं, हे लक्षात ठेवा आणि ‘मी बायको, मी काय सांगणार’ हे मनातून काढा. जेवण झाल्यावर, मुलं झोपल्यावर, आवाज न चढवता एवढंच विचारा: ‘अहो, डॉक्टरांनी काशी-रामेश्वराइतका लांब टेम्पो घेऊन जायला सांगितलं असतं तरी तुम्ही गेला असता. रोज पाण्याबरोबर गोळी घ्यायचीय, ती का नको?’ आणि गप्प बसा. उत्तराची घाई करू नका. त्याच रात्री पाकीट पुढे करू नका, सकाळी चहाबरोबर ठेवा.

सभा सोडा, असा हट्ट धरू नका. शुद्ध झाल्यावर नामान अलीशाला एक अडचण सांगतो. राजा रिम्मोन या अरामी दैवताच्या देवळात माझ्या हातावर टेकून वाकतो तेव्हा मलाही वाकावं लागेल, तेवढी क्षमा असावी. अलीशा व्याख्यान देत नाही, ‘शांतीने जा’ म्हणतो. तुमचे यजमान सभेत गाणी म्हणतात, त्यांना तिथे चार माणसं मिळतात, ताट वेगळं न काढणारी. ते तोडलंत तर त्यांना आधार कोणाचा उरणार?

मात्र अकरा हजार देऊ नका. यात आमचं मन द्विधा नाही. नामान बरा होऊन परत आला, सगळा खजिना पुढे केला, आग्रह केला, आणि अलीशाने ‘परमेश्वराच्या जीविताची शपथ, मी काही घेणार नाही’ म्हणून सांगितलं. त्याचा नोकर गेहजी मागून धावत गेला आणि खोटं बोलून दोन किक्कार चांदी आणि दोन पोशाख घेऊन आला. एफ्राईमच्या डोंगरातून दोन तरुण आलेत, त्यांच्यासाठी हवंय म्हणाला. नामानाचा रोग गेहजीला लागला, तिथेच अध्याय संपतो. बरं होण्याआधी पैसे मागणं तर गेहजीनेही केलं नव्हतं. बंधूंना उलट बोलायची गरज नाही. ‘कोर्स संपला, डॉक्टरांनी तपासलं, की जे जमेल ते चर्चच्या दानपेटीत टाकू’ असं म्हणा. पावती मागा, ती मागितली की पुष्कळदा विषयच संपतो.

सभेत ‘बरा झालो’ अशी साक्ष द्यायला उभं करतील. एका कोड्याला शुद्ध केल्यावर प्रभूने काय सांगितलं ते लूक ५:१४ मध्ये आहे, जा आणि याजकाला दाखव. म्हणजे तपासणी दुसऱ्याने करायची, बऱ्या झालेल्याने नव्हे आणि बरं करणाऱ्यानेही नव्हे. आज ते काम आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांचं. चट्ट्याचा रंग फिका पडला म्हणजे जंतू मेले असं होत नाही, आणि उलटं, कोर्स पुरा झाल्यावरही बधिरपणा थोडा राहू शकतो.

काही खुणा मात्र अशा आहेत की शुक्रवारची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. चट्टे एकाएकी लाल होऊन सुजले, कोपराच्या आतल्या बाजूच्या नसेत कळ आली, करंगळी वाकू लागली, पाऊल उचलेना, डोळा लाल झाला किंवा मिटेना, तर ही ‘रिॲक्शन’ असते. शरीर मेलेल्या जंतूंशी झगडतं, त्यात नस दुखावते. सभेत याचा अर्थ सैतान बाहेर पडतोय असा लावला जातो, गल्लीत ‘गोळ्या उष्ण पडल्या’ असा. दोन्ही ऐकून घरी बसलं की हाताचं कायमचं नुकसान होतं, आणि टेम्पो चालवणाऱ्याचा हात गेला म्हणजे घर गेलं. डॉक्टर अशा वेळी प्रेडनिसोलोन देतात. कुष्ठरोगाच्या गोळ्या चालूच ठेवायच्या असतात. अंगभर पुरळ आणि ताप आला, कातडी सोलू लागली किंवा डोळे पिवळे झाले तर मात्र गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवा. डॅप्सोन काहींना सोसत नाही, त्यावर पर्याय असतो.

ज्या हाताला कळत नाही त्याला इंजिनाजवळ काम करताना जाड कापड किंवा हातमोजा हवा. रोज रात्री हात-पाय बघायचे, वीस मिनिटं साध्या पाण्यात भिजवायचे, पुसून खोबरेल लावायचं. पाय बधिर असतील तर मऊ रबराच्या एमसीआर चपला आरोग्य खात्याकडून मिळतात, विचारा.

सासूबाईंना सांगा, ताट एकत्र करा. उपचार सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रोग पसरण्याची शक्यता जवळपास संपते, आणि भांड्यातून तो पसरत नाहीच. उलट गोळ्या बंद ठेवल्या तर तो धोका पुन्हा वाढेल, हे त्यांना बहुधा लवकर पटेल. भावाला सांगा की त्याची माहिती जुनी आहे. ख्रिस्ती घटस्फोटाच्या १८६९ च्या कायद्यातलं कुष्ठरोगाचं कारण संसदेने २०१९ मध्ये काढून टाकलं.

पाचवं पाकीट सुरू करायला आरोग्य केंद्रात जाल तेव्हा मुलांना आणि सासूबाईंना बरोबर न्या. सगळ्यांच्या अंगावरचे चट्टे तपासून घ्या. रोगाची आणि क्षयाची लक्षणं नसतील तर घरातल्या दोन वर्षांवरच्या माणसांना रिफाम्पिसिनची एकच प्रतिबंधक मात्रा तिथेच फुकट मिळते. जाताना रिकामी चार पाकिटं आणि कपाटातलं पाचवं, दोन्ही पिशवीत टाका, म्हणजे किती गोळ्या राहिल्यात ते त्यांना मोजता येईल.